जखम घरची की दवाखान्याची

मालकांच्या कमरेखाली, माकडहाडावर जी जखम झाली ती आमच्या घरात सुरू झाली की दवाखान्यात, हे मला आजही सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर एका पोरीची नोकरी वाचली असती, नाहीतर गेली असती. दोन्हीतलं नेमकं काय झालं असतं तेही मला कळत नाही. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

मालक म्हणजे माझा नवरा. वय ऐंशीच्या आसपास. त्या सोमवारी मी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीवर गेले होते. सून अंगणवाडीत मदतनीस आहे, ती सकाळीच गेली होती. मुलगा ढोकीला कारखान्यावर, हंगाम चालू होता. मालक न्हाणीत गेले आणि फरशीवर घसरले. भूकंपानंतर मिळालेल्या आमच्या घराच्या न्हाणीत आधी खडबडीत दगड होता. मुलानं हौसेनं गुळगुळीत फरशी बसवली. त्या फरशीवर मालकांचा खुबा मोडला.

गिरणीवर लाईट गेली होती. आता येईल, मग येईल म्हणत मी बसून राहिले. चार बायका होत्या, बोलणं लांबलं. लाईट आली, दळण झालं, घरी आले तर मालक न्हाणीत उताणे पडलेले. मी विचारलं, किती वेळ झाला. ते म्हणाले, "तू उंबऱ्याबाहेर गेलीस अन् म्या पडलो." म्हणजे तीन तास, कमी नाही.

मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा त्याला मी सांगितलं, अर्धा तास झाला असंल. गिरणीवर बसून होते हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तालुक्याच्या दवाखान्यातही अर्धा तासच सांगितलं. त्यांनी तो कागदावर लिहिला. एकदा कागदावर गेल्यावर पुढं सगळीकडं तोच कागद चालला. चार ठिकाणी अर्धा तास, अर्धा तास असं ऐकून मलासुद्धा तो खरा वाटायला लागला होता.

तालुक्याला संध्याकाळपर्यंत स्ट्रेचरवर ठेवलं. फोटो काढला, खुबा मोडलाय म्हणाले, धाराशिवला न्या म्हणाले. ती रात्र तिथंच निघाली. मंगळवारी सकाळी मी ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसलं, धोतर बदललं. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. शिवाय खोलीत इतर माणसं होती, म्हणून चादरीखाली हात घालून पुसलं. बघितलं नाही. हाताला ओबडधोबड लागलं. पण तिथं त्यांना तरुणपणापासून काळा घट्टा आहे, बैलगाडी हाकून पडलेला. मी म्हटलं तोच असेल.

मंगळवारी दुपारी धाराशिवच्या दवाखान्यात आलो. ट्रस्टचा दवाखाना, बरा मोठा. वॉर्डात एक नर्स पोरगी आली, चोवीस-पंचवीसची. हातात फाईल. नाव, वय, साखर आहे का, बीपी आहे का, सगळं विचारलं. मालकांना दुखत होतं तरी माणूस दिसलं की त्यांना राहवत नाही.

"कुठल्या गावची गं तू, बाळ?"

"लोहाऱ्याची."

"अन् आई कुठली तुझी?"

तिनं आमच्याच गावाचं नाव घेतलं. मग काय. कुठल्या आळीतली, कुणाची, ओढ्याजवळच्या घरातली का, जिच्या भावाला बैलानं मारलं होतं ती का. सगळं जुळलं.

"आगं, तुझ्या आईला म्या खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय," मालक म्हणाले. "तू आमच्या लेकीची लेक. म्हंजी नातच की माझी."

पोरगी हसली. म्हणाली, "मग आजोबा, ऐका आता नातीचं. जरा कुशीवर वळा. पाठ बघायची हाय."

मालकांचं तोंड बदललं. "पाठीला काय न्हाय."

"बघावं लागतंय. भरती करताना कातडी बघून लिहायची असती."

"लेकीच्या लेकीपुढं धोतर सोडू व्हय म्या?"

आमच्याकडं गावची लेक म्हणजे सगळ्यांची लेक. तिच्यापुढं म्हातारा माणूस उघडा होत नाही. ती आली तर खाटेवरूनही उठून बसतो. ती परमुलखाची असती, तर मालक गुमान वळले असते. त्याच वॉर्डात केरळची एक सिस्टर होती, तिच्यापुढं ते पुढं काहीच लाजले नाहीत. पण या पोरीला आम्ही दोन मिनिटांत नात करून टाकलं आणि मग ती नर्स राहिली नाही.

तरी तिनं आणखी एकदा सांगितलं. तेव्हा मालकांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. बोलले ते मी.

"पाठ साफ हाय, पोरी. म्याच पुसलंय सकाळी. लिही."

तिकडं दारात आणखी दोन पेशंट येऊन थांबले होते. तिनं जरा विचार केला आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला नंतर कळलं. त्वचा अखंड. खाली तिची सही.

मालकांची छाती भरलेली होती म्हणून ऑपरेशन लगेच झालं नाही. पायाला वजन बांधून ठेवलं. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवला होता. दर दोन तासांनी पेशंटला जरा डावीकडं, जरा उजवीकडं कलवायचं, उशी लावायची आणि तक्त्यावर खूण करायची. वजन बांधलेला माणूस कलवायचा म्हणजे तो ओरडणारच. मालक असे ओरडायचे की शेजारच्या खाटेवरचा माणूस कानावर चादर घ्यायचा. पोरगी आली की मी म्हणायचे, "आत्ता कुठं डोळा लागलाय, ऱ्हाऊ दे." ती म्हणायची, "आजी, वळवायला लागतंय." मी म्हणायचे, "पुढच्या वक्ताला वळव." ती उशी जरा सरकवायची आणि खूण करून जायची. ती खूण वळवल्याची आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, येऊन गेल्याची आहे.

शुक्रवारी सकाळी केरळच्या सिस्टरनं दुसऱ्या एकीला मदतीला घेऊन त्यांना पुरतं वळवलं. मग मला बोलावून दाखवलं. माकडहाडावर तळहाताएवढा जांभळा डाग, वांग्याच्या सालीसारखा, आणि मधे पाण्यानं भरलेला फोड. त्यांनी कागदी पट्टीनं लांबी मोजली, रुंदी मोजली, फोटो काढला. डॉक्टर आले. बेडसोअर म्हणाले. पाच-सहा दिवसांत त्यावर काळी खपली धरली आणि खपलीच्या कडेनं वास यायला लागला.

इथून पुढं माझं डोकं चालेनासं झालं.

डॉक्टर चांगले होते, समजावून सांगायचे. जखमेला चार ग्रेड असतात म्हणाले. पहिली म्हणजे नुसती लाली. दुसरी म्हणजे वरची साल गेली. तिसरी म्हणजे चरबीपर्यंत. चौथी म्हणजे हाडापर्यंत. मी म्हटलं, मग यांची कितवी? म्हणाले, अजून नंबर देता येत नाही, खपली निघाल्यावर कळेल. मला हे पटेना. लहान जखमेला नंबर आहे आणि सगळ्यात वाईट दिसते तिला नंबर नाही. पुढं ऑपरेशन झालं, नंतर खपली काढली, खाली हाड दिसलं आणि ती चौथी ठरली. मी विचारलं, भरत आली की तिसरी होईल, मग दुसरी? ते म्हणाले, नाही आजी, ती चौथीच राहणार, कागदावर भरत आलेली चौथी लिहायचं. मी चौथीपर्यंतच शिकले. चौथी पास झाल्यावर खाली कोणी बसवत नाही, एवढं ध्यानात आलं. बाकी नाही.

त्याहून अवघड गोष्ट त्यांनी पुढं सांगितली. ही जखम बाहेरून आत जात नाही म्हणाले. आतून बाहेर येते. हाड आणि खालची कठीण जागा यांच्यामधे मांस दाबून मरतं, वरची कातडी दोन-तीन दिवस धड दिसते आणि मग जांभळी पडते. त्यात सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, हात लावून गरम लागतं का ते बघावं लागतं. मी तर हात लावला होता. पण मालकांच्या अंगात त्या दिवशी तापाची कसर होती, सगळं अंगच गरम होतं.

मी बोटावर मोजलं. शुक्रवारातून तीन दिवस गेले तर मंगळवार. दोन गेले तर बुधवार. मंगळवारी दुपारपर्यंत ते आमचे, दुपारनंतर दवाखान्याचे. आणि पडले तो सोमवार. मी तीनदा मोजलं आणि तीनदा दवाखान्याच्या दाराशीच येऊन थांबले.

हे कुणाला मोजायला लागतं, ते मला दवाखान्याच्या फायली सांभाळणाऱ्या रेकॉर्डवाल्यांनी सांगितलं. एका दुपारी ते फाईल घेऊन डॉक्टरांना शोधत वॉर्डात आले. डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. मग आमच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले. तोंडात लवंग, चष्म्याला दोरी.

मी विचारलं, "आमचीच फाईल हाय काय?"

"तुमचीच, आजी. बंद होईना झालीय."

"का?"

"प्रत्येक दुखण्याला नंबर असतो. म्या तो कॉम्प्युटरला घालतो. खुब्याचा घातला, छातीचा घातला. या जखमेचा घालायला गेलो की कॉम्प्युटर विचारतंय, कुठं हाय, कितव्या ग्रेडची, अन् आली तेव्हा होती का इथं झाली. शेवटचं सांगितल्याबिगर पुढं जाईना."

"मग जाऊन जखम बघा की."

"म्या जखम बघत न्हाय, आजी. म्या अक्षर बघतो. डॉक्टरनं लिवलंय तेवढंच घालायचं. माझ्या मनानं घातलं तर म्याच घरी."

"अन् अक्षर काय म्हणतंय?"

त्यांनी फाईल उघडली. "मंगळवारी नर्सनं लिवलं, त्वचा अखंड. मंगळवारी डॉक्टरनं पाठीबद्दल कायच लिवलं न्हाय. शुक्रवारी लिवलं, जखम. आता अडाणी माणूसबी सांगंल, इथं झाली."

"झाली तर झाली. काय होतंय?"

"इथं झालेली जखम मीटिंगला जाती. तिथं बघत्यात, मंगळवारी सही कुणाची, तक्त्यावर खुणा कुणाच्या."

सही अन् खुणा कुणाच्या ते मला ठाऊक होतं. त्या पोरीचं काम अकरा महिन्यांच्या कराराचं. करार त्याच महिन्याच्या शेवटी संपत होता आणि पुढचा द्यायचा की नाही ते मोठ्या सिस्टर ठरवणार होत्या. पोरीनं बोलता बोलता पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वडील नाहीत, लहान भाऊ तुळजापुरात लॉजवर काम करतो, घर हिच्यावर.

दुसऱ्या दिवशी गोळ्या द्यायला आली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आजी, घरी काय होतं का हो पाठीला?"

मी म्हटलं, "तुला कोणतं उत्तर पायजे?"

"खरं."

"खरं म्हाईत असतं तर तुझ्याआधी डॉक्टरला सांगितलं असतं."

ती गोळ्या मोजत राहिली. मीच विचारलं, "तुझं भलं कशात हाय ते तर सांग."

"तेच कळंना झालंय. घरी होतं म्हणलात तर जखम इथली न्हाय. पण मग भरती करताना म्या बघितलीच न्हाय असं होतंय. नव्हतं म्हणलात तर म्या बरोबर लिवलं. पण मग जखम इथं झाली, माझ्या ड्यूटीत."

मी रात्रभर दोन्हीकडून चालून बघितलं. दोन्ही वाटा एकाच विहिरीवर जात होत्या.

त्यात घरचे. सून एका सुटीच्या दिवशी डबा घेऊन आली. मला आत्या म्हणते. म्हणाली, "आत्या, घरी झाली असं सांगू नका. लोक म्हणतील सुनेनं बघितलं न्हाय."

"तू कधी बघितलंस?"

"सासऱ्याचं कसं बघू म्या?"

"मग लोक खरंच म्हणतील."

"लोकांचं काय जातंय बोलायला."

"मग लोकांनी यावं अन् वळवावं," मी म्हटलं. तिनं डब्याचं झाकण जोरात लावलं आणि बाहेर जाऊन बसली.

मालकांना कोणी विचारलंच नव्हतं. जखम त्यांची, पण कागदावर त्यांचा रकाना नव्हता. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, इथं आग होतेय हे कधीपासून कळलं?" मालक म्हणाले, "घरनंच आणली म्या ही, साहेब. तुमची न्हाय." डॉक्टर गेले. तासाभरानं मुलाचा फोन आला. तो माझ्यावरच चिडला होता, आईनं लक्ष दिलं नाही म्हणत होता. मालक त्याला म्हणाले, "तिला काय बोलू नगस. हितंच झाली ही, दवाखान्यात." फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आता मला सांगा. कधी झाली?"

"याद न्हाय मला."

"तिघांना तीन सांगता व्हय?"

"ज्याला जे लागतंय ते दिलं. माझ्या बापाचं काय जातंय. जखम तर माझ्यापाशीच ऱ्हाती."

खुबा एवढा दुखत होता की दुसरं काय दुखतंय ते वेगळं काढता आलं नाही, असंही एकदा म्हणाले. ते मात्र खरं वाटलं.

घरी सोडायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर आमची फाईल. रेकॉर्डवाले उभे. मोठ्या सिस्टर खुर्चीवर. आणि ती पोरगी भिंतीला लागून, हात मागे बांधून.

डॉक्टर म्हणाले, "आजी, बसा. तुम्हाला कोणी दोष देत नाही. फक्त कागद पूर्ण करायचाय. घरी असताना पाठीवर काही दिसलं होतं का?"

मी जाताना ठरवून गेले होते की घरी होती असं सांगायचं. म्हटलं, म्हातारीला कोण काय करणार आहे. पोरगी तरुण आहे, तिचं काम राहील. पण बसल्यावर मला तिचंच बोलणं आठवलं. घरी होती म्हटलं तर तिनं बघितलं नाही असं होतं. तोंड उघडेपर्यंत माझं ठरलेलं सगळं विस्कटलं. मग मला जे ठाऊक होतं तेवढं सांगितलं. खरं बोलायचं म्हणून नाही. दुसरं काही जुळवता येईना म्हणून.

मी म्हटलं, "म्या बघितलंच न्हाय, साहेब. नुसतं चाचपलं. अन् मालक अर्धा तास पडले नव्हते. तीन तास पडले होते. फरशीवर, उताणे. म्या गिरणीवर होते."

डॉक्टरांनी पेन उचललं. "तीन तास? कडक फरशीवर?"

"व्हय."

"मग आतलं मांस तेव्हाच दाबलं गेलेलं असू शकतं."

"म्हंजी घरची," रेकॉर्डवाले म्हणाले.

"तालुक्याला स्ट्रेचरवर किती वेळ होते?"

"दिस मावळेपर्यंत."

"तिथंही होऊ शकते," डॉक्टर म्हणाले. "आणि इथं वजन बांधून तीन दिवस. तक्त्यावर तर सगळ्या वेळा भरलेल्या आहेत."

पोरगी खाली बघत होती. मी म्हटलं, "त्यातल्या लई वेळा म्याच वळवू दिलं न्हाय. झोपल्यात म्हणून." आणि मग सुरू केलंच आहे तर बाकीचंही सांगितलं. "भरती केलं तेव्हाबी हिनं पाठ बघायला मागितली होती. मालक लाजले. म्या म्हणलं साफ हाय, लिही."

मग डॉक्टरांनी रेकॉर्डवाल्यांना विचारलं, "होती आणि झाली, याशिवाय काही आहे का तुमच्याकडं?"

"हाय की साहेब. ठरवता येत नाही, असा एक रकाना हाय. पण तो तुमीच सांगायचा, अन् का ते लिवायचं. म्या आपल्या मनानं घालू शकत न्हाय."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच न्हाय."

डॉक्टरांनी पाऊण पान लिहिलं. सही केली. रेकॉर्डवाल्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि फाईल काखेत घालून गेले. त्यांचं काम झालं. इतक्या दिवसांनी त्यांचं कॉम्प्युटर पुढं जाणार होतं. मला वाटलं, पोरगी सुटली.

मोठ्या सिस्टर तिच्याकडं वळल्या. "म्हणजे तू न बघता अखंड लिहिलंस."

"हो, मॅडम."

"आणि न वळवता खुणा केल्यास."

मी म्हटलं, "बाई, म्या सांगितलंय ना आत्ता. म्याच लिही म्हणलं तिला."

"आजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या तुम्ही म्हणालात नाडी बरोबर चालू आहे, लिही, तर हिनं हात न लावता लिहायचं का?"

आडमुठ्या बाईला मी चार शब्द ऐकवले असते. पण ही बाई बरोबर बोलत होती आणि बरोबर बोलून पोरीचं वाटोळं करत होती. आणि तिच्या हातात तो धागा मीच दिला होता. मी गप्प राहिले असते तर डॉक्टर काय लिहिणार होते, कोण जाणे.

घरी आल्यावर जखम मीच बघायला लागले. आता दिवसा उजेडात, चष्मा लावून, धोतर पुरतं बाजूला करून. दर दोन तासांनी वळवते. ते शिव्या देतात, मी ऐकून घेते. जखम हळूहळू भरतेय. वीस-बावीस दिवसांनी दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर खूश झाले. कागदावर भरत आलेली चौथी असं लिहिलं.

मालकांना बाकावर आडवं करून, मुलाला जवळ बसवून, मी त्या पोरीला शोधत गेले. वॉर्डात नव्हती. खालच्या इंजेक्शनच्या खोलीत सापडली. मला बघून उठली, बाक पुसला.

"काढलं न्हाय न तुला?" मी विचारलं.

"अजून न्हाय. तीन महिन्यांचा करार दिलाय. बाकीच्यांना अकराचा दिला. वॉर्डातून खाली बसवलंय."

"म्हंजी माझ्या बोलण्यानं तुझं बरं झालं का वाईट?"

ती थोडा वेळ सुईचं झाकण फिरवत राहिली. "आजी, ठरवता येत नाही असं आल्यामुळं जखम माझ्या माथी आली न्हाय. पण न बघता लिवलं, हे आलं. तुमी बोलला नसतात तर हे आलं नसतं. पण मग जखम आली असती."

"मग मोठं काय होतं? जखम का न बघणं?"

"मला तर वाटलं जखम. मॅडम म्हणतात न बघणं."

"अन् तुला आता काय वाटतंय?"

"म्या तेव्हाच बघायला पायजे होतं," ती म्हणाली. "तुमी नात म्हणला तरीबी."

वाईट वाटलं का, तर नाही. खरं होतं ते. पण नात म्हणणं यात आमची काय चूक झाली हेही मला नीट उमगत नव्हतं. आपल्या गावची पोरगी भेटली तर माणूस दुसरं काय म्हणणार?

मग तिनं टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला. तीन महिने संपायच्या आत तिला मॅडमना लेखी खुलासा द्यायचा होता. तो बघून पुढचा करार ठरणार. म्हणाली, "आजी, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या हातानं लिवून द्याल का? म्या सांगितलं तर म्या स्वतःला वाचवते असं होतंय."

मी पेन घेतलं. पहिली ओळ सोपी होती. नर्सनं पाठ बघायला मागितली. दुसरीही सोपी होती. मी बघू दिली नाही. तिसऱ्या ओळीला अडकले. पाठ साफ आहे असं मी सांगितलं, हे लिहायचं ठीक. पण ती साफ होती की नव्हती, हे लिहू का? लिहिलं तर काय लिहू? पोरीला विचारलं. ती म्हणाली, तुमाला जे ठाऊक हाय तेवढंच लिवा. म्हणून लिहिलं, पाठ साफ आहे असं मी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. खाली माझी सही केली. माझी सही मोठी येते, अर्धी ओळ जाते.

तिनं तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना कपाळाला आठी पडली.

"बरोबर न्हाय का?" मी विचारलं.

"बरोबरच हाय," ती म्हणाली. "पण हे वाचून मॅडम म्हणतील, ठाऊक नसलेल्या माणसाचं ऐकून लिवलंस."

"मग फाडून टाक."

"नको, ऱ्हाऊ द्या." तिनं घडी घातली आणि पर्समधे ठेवली.

"देणार का तू त्यांना?"

"बघते," ती म्हणाली. बाहेर कोणीतरी रडणारं पोर घेऊन आलं होतं. तिनं हात धुतले आणि मला वाट सोडायला सांगितली.

तिचे तीन महिने पुढच्या अमावस्येच्या सुमारास संपतात. तिनं तो कागद दिला की नाही, मला ठाऊक नाही. दिला असेल तर चांगलं केलं की वाईट, तेही मला सांगता यायचं नाही.